पिल्लांच्या डोळ्यांतला दाब

आमची तांबडी कोंबडी परवा खुडूक बसली. चैत्र सरत आला की तिचं हे ठरलेलं. दाण्याकडे लक्ष नाही, हात लावायला गेलं की पिसं फुलवून फणकारते आणि पुन्हा तिथेच जाऊन बसते. मी टोपलीत पेंढा अंथरला, अंडी उजेडासमोर धरून निवडली आणि तिला वर बसवलं. पाऊस धरायच्या आत पिल्लं पिसांवर यायला हवीत, नाहीतर ओलीत पटापट जातात. म्हणून कोंबड्या पाळणाऱ्यांचा हंगाम ऐन उन्हाळ्यातला. या दिवसांत भिवंडीचे पत्रे असे तापतात की दुपारी त्यांच्यावर मांजरसुद्धा चढत नाही.

टोपली मी स्वयंपाकघरामागच्या खोलीत ठेवली. तिथे एकच खिडकी आहे आणि सूर्य मावळला की खोलीत काळोख होतो. शेजारची जनाबाई कढीपत्ता मागायला आली होती, तिने आत डोकावून पाहिलं.

"अगो, आता कारखान्यान न्हाय ठेवत?"

"नाही."

"का गो? तिकडं तर तुजी एक बी मरत नव्हती."

मी तिला कढीपत्ता जरा जास्तच दिला, म्हणजे ती लवकर जाईल. ती गेलीही. पण कानांच्या पाळ्या गरम झाल्या त्या झाल्याच. इतकी वर्षं झाली, तरी कुणी त्या उन्हाळ्याचं नाव काढलं की मी ओट्यावरची भांडी उगाच इकडची तिकडे करते.

मरत नव्हती हे खरं आहे. त्याचाच तर मला माज होता.

आमचा कारखाना म्हणजे घरामागची लांबलचक पत्र्याची शेड. सासऱ्यांनी भाताच्या खाचराचा एक तुकडा विकून त्यात कापड विणायचे लूम घातले. दोन पाळ्यांत चालतात. खिडक्या आहेत, पण सुताच्या धुळीने बुजलेल्या. त्यामुळे ट्यूबलाइट दिवसाही लागतात आणि रात्रीही. एका टोकाला लाकडी शिडी आहे आणि शिडीवर माळा. माळ्यावर कामगारांच्या वळकट्या. एका पाळीचे उठतात, दुसऱ्या पाळीचे आडवे होतात. भिवंडीत निजामपुऱ्यापासून आमच्यापर्यंत असंच आहे, त्यामुळे यात काही बघण्यासारखं आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

त्या शिडीखाली मी पिल्लांची जाळी बसवली होती. डोकं माझंच. गावातल्या बायकांची पिल्लं कावळा नेई, घार नेई, मुंगूस नेई, उरलेली गारठून जात. मी विचार केला, आपल्याकडे चोवीस तास ऊब आहे, चोवीस तास उजेड आहे, माणसांचा वावर आहे, घूससुद्धा फिरकत नाही. घातली पिल्लं शेडमध्ये. आणि ती अशी वाढली की बघणाऱ्याने बघत राहावं. उजेड होता म्हणून सारखी खात. बायका बघायला यायच्या आणि मी त्यांना कमरेवर हात ठेवून समजावून सांगायची. मला समजावून सांगायला आवडतं. घरातले सगळे तुम्हाला हे सांगतील.

माळ्यावर अगदी जाळीच्या वर नसीमभाईंची जागा. नसीमभाई उत्तर प्रदेशातले, मी लग्न होऊन इथे आले त्याच्या आधीपासून आमच्याकडे विणतात. दात पुढे, आवाज मोठा, कारण लूमवर राहून सगळ्यांचाच आवाज मोठा होतो. शिडी उतरताना ते रोज जाळीपाशी थांबायचे.

"सलाम साहब लोग," पिल्लांना म्हणायचे. मग मला, "भाभी, ये साहब लोग सोते कब हैं?"

"आप लोगों की तरह. शिफ्ट में," मी म्हणाले होते.

ते हसले, मी हसले. बराच वेळ हसलो आम्ही.

माझ्या बहिणीची मुलगी सायली त्या उन्हाळ्यात आमच्याकडे राहायला आली. ती पशुवैद्य होत होती आणि तिचं शेवटचं मोठं काम पक्ष्यांच्या डोळ्यांवर होतं. ती ज्या दवाखान्यात शिकायला जायची तिथे संक्रांतीला मांजाने चिरलेले पक्षी यायचे, उन्हाळ्यात घरट्यातून पडलेली पिल्लं यायची. डोळ्याला मार असला की आतला दाब मोजतात. माणसाला काचबिंदू होतो तेव्हा मोजतात तसाच.

"मोजायचं सोपं आहे मावशी," ती म्हणाली. "आकडा येतो. पण तो जास्त की कमी हे कशावरून ठरवू? निरोगी पिल्लाचा आकडा हाताशी हवा ना. आपल्याकडच्या गावठी पिल्लांचे मला मिळालेच नाहीत. म्हणून मी आजारी पिल्लं सोडून धडधाकट पिल्लांच्या मागे लागलेय."

"म्हणजे ज्याला काही झालेलं नाही त्याला तपासायचं?"

"हो."

"आणि त्याची पदवी देतात?"

"देतात गं मावशी. आई पण हेच म्हणाली."

तिचं यंत्र जाड पेनाएवढं होतं. त्याच्या टोकाला एक बारीकशी सळई, ती डोळ्याच्या बुबुळाला टिचकी मारून मागे येते. इतकी हलकी की डोळा बधिर करायचं औषधही लागत नाही. यंत्र टिक टिक करतं आणि आकडा दाखवतं. पिल्लाला सरळ धरायचं, मान खाली जाऊ द्यायची नाही आणि गळा आवळायचा नाही. गळा आवळला की डोळ्यातला दाब वाढतो.

"मग तो पिल्लाचा दाब नसतो, धरणाऱ्याचा असतो," ती म्हणाली आणि माझ्या हातांकडे बघितलं. माझे हात भाकरी थापणाऱ्या बाईचे आहेत. मी ते सैल केले.

त्या दिवसांची आठवण म्हणजे स्कूटरची तापलेली सीट. सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही निघायचो. अंबाडीच्या आसपासची गावं, वज्रेश्वरीच्या वाटेवरचे पाडे. मी चालवायची, सायली मागे बसून यंत्राची पेटी तान्ह्या मुलासारखी धरायची. रस्त्यात गोदामांचे ट्रक, नंतर अचानक मोकळी खाचरं, जळक्या भाताच्या काड्या, करवंदाचे पाटीवाले. घरांच्या अंगणांत नुसती धावपळ. पिल्लं हाती लागायची नाहीत. पारूबाई म्हणून एक लांबची नणंद लागते, तिच्या अंगणात आम्ही तिघी एका पिल्लासाठी धावलो. पारूबाई पदर खोचून बैलगाडीखाली शिरली.

"आरं थांब मेल्या, तुजं डोलं तपासाचं हाईत! चष्मा देताव तुला!"

पिल्लू तिच्या हाताची नुसती सावली पडली की उडायचं. शेवटी सुपाखाली सापडलं. सायलीने टॉवेलमध्ये धरलं, तेव्हा त्याचं काळीज टॉवेलमधून हाताला लागत होतं. मी जवळून त्याचा डोळा बघितला. लहानपणी तो करडा असतो, मोठं होताना नारिंगी होत जातो. कोपऱ्यातून एक दुधी पडदा सरकतो, डोळा पुसून जातो. पिल्लू आपल्याकडे एका वेळी एकाच डोळ्याने बघतं, आणि त्या बघण्यात काही ओळख नसते. नुसता हिशेब असतो, ही बाई खाणार की सोडणार.

सायली एकाच घरी दोनदा जायची, सकाळी आणि तिन्हीसांजेला. संध्याकाळचा आकडा उतरलेला असे. "डोळ्यालाही दिवस-रात्र असते मावशी," ती म्हणाली. "दिवसा दाब चढतो, काळोख पडायला लागला की उतरतो. डोळा आराम करतो म्हण."

मला हे ऐकून बरं वाटलं होतं. काही काही गोष्टी ऐकताना चांगल्या वाटतात, कारण आपला त्यांच्याशी संबंध आहे हे कळलेलं नसतं.

पारूबाईच्या अंगणात घामाघूम होऊन बसलेलो असताना मी ते बोलले. चारपाच बायका जमल्या होत्या. "कशाला यांच्यामागे धावतेस? माझ्याकडची मोज. हात पुढे केला की हातावर चढून बसतात. भीती म्हणून नाही त्यांना. धडधाकट बघायचीत तर माझी बघ."

"वैनीची पिल्ला शालेत गेलेली हाईत," पारूबाई म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. मीही.

सायलीचे डोळे चमकले. पिल्लांचं ठरावीक वय उलटायच्या आत तिला बरीच पिल्लं मोजायची होती, आणि अंगणांत दिवस फुकट जात होते. मावशीच्या शेडमध्ये घरच्या घरी एवढी पिल्लं म्हणजे तिचं निम्मं काम झालंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शिडीखाली बसलो. लूमच्या खटखटीत यंत्राची टिकटिक ऐकू येत नव्हती, आकडा बघावा लागत होता. मी जाळीत हात घातला. पिल्लू पळालं नाही. उचललं, तळहातावर ठेवलं, ते बसून राहिलं. "बघ," मी म्हणाले.

सायलीने मोजलं. दुसऱ्या डोळ्याचं मोजलं. मग दुसरं पिल्लू, तिसरं.

"मावशी, हात सैल."

"सैलच आहे गं."

तिने माझा अंगठा बघितला. सैलच होता. तिने आकडे लिहून घेतले. संध्याकाळी पुन्हा आली, पुन्हा मोजलं. सकाळचे आकडे चढे होते, संध्याकाळीही तसेच चढे. कुठे उतार नाही. तिने विजेरीच्या उजेडात एका पिल्लाचा डोळा बाजूने बराच वेळ बघितला आणि विचारलं, "इथले दिवे कधी बंद होतात?"

"दिवे? ते कशाला बंद होतील?"

तिने मूठभर कणी जाळीत टाकली. मी रोजच टाकायची. पण बसून बघायची नाही, मला वेळ कुठे. ती म्हणाली, बस आणि बघ. पिल्लू मान घाली, चोच मारी, आणि चोच दाण्याच्या शेजारी पडे. पुन्हा मारी, पुन्हा शेजारी. मग कधीतरी एखादा दाणा लागे. दिवसरात्र खात होती ती यासाठी. मला वाटे हावरी आहेत.

मग सायलीने जाळीच्या वरून हात आणला, घार यावी तसा. पारूबाईच्या अंगणात एव्हाना सगळी पिल्लं खाटेखाली असती. इथे एकानेही मान उचलली नाही.

"ती माणसाळलेली नाहीत मावशी," ती अगदी हळू म्हणाली, म्हणजे लूमच्या आवाजात जेवढं हळू बोलता येतं तेवढं. "तू त्यांना नीट दिसत नाहीस. सारख्या उजेडात वाढलं की पिल्लाचा डोळा नको तसा मोठा होतो, पुढून चपटा होतो. जवळचं धूसर दिसतं. पुढे पुढे दिसेनासंच होतं."

माझ्या तळहातावर एक पिल्लू अजून बसलेलं होतं. गरम, वजनदार, पाय पोटाखाली घेऊन. मला ते खाली ठेवायचं सुचेना.

मी म्हणाले, "पण वजन बघ ना त्यांचं."

"वजन छान आहे," सायली म्हणाली. मला बरं वाटावं म्हणून म्हणाली. त्यापेक्षा ती ओरडली असती तर चाललं असतं. मग म्हणाली, "ही मला निरोगीमध्ये धरता येणार नाहीत गं."

एखादी वस्तू हातून फुटली तर मी लाजत नाही. फुटली, केर काढला, संपलं. पण जी गोष्ट आपण चार बायकांत कमरेवर हात ठेवून सांगितलेली असते, ती उलटी निघाली की लपायला जागा राहत नाही. आमच्या घरात मी व्यवहाराला पक्की, असा लौकिक आहे. मी काही वाईट केलं नव्हतं, उलट जीव लावला होता, हे मनाला सांगून बघितलं. उपयोग झाला नाही. इतक्या जिवांनी महिनाभर माझ्याकडे तोंड करून बघितलं, आणि त्यांना काय दिसतंय हे मी एकदाही विचारलं नाही. शाबासकी मात्र घेतली.

"इलाज आहे का?"

"वेळेत अंधार दिला तर बरेचसे डोळे सावरतात. रोज, सलग, रात्रभर. सगळे सावरतील असं नाही."

मी त्याच संध्याकाळी जाड विणीचं कापड दुहेरी करून जाळीवर चहूबाजूंनी टाकलं. पिल्लांनी केवढा गलका केला! जन्मल्यापासून काळोख पाहिलेला नव्हता. नसीमभाई लूमवरून उठून आले. सायलीने त्यांना सगळं समजावून सांगितलं, मोडक्यातोडक्या हिंदीत, हातवारे करून. ते खाली वाकून कापडाला कान लावून ऐकत राहिले.

"डर रहे हैं बेचारे," ते म्हणाले. "रोशनी से ऐसा भी होता है?"

"पक्षी के बच्चों को होता है," सायली म्हणाली.

त्यांनी मान हलवली. मग वर माळ्याकडे बघितलं, ट्यूबकडे बघितलं आणि आपल्या लूमवर गेले. मी हे बघितलं. बघून मी कापडाची टोकं जाळीत नीट खोचत बसले.

दोन दिवसांनी सकाळी माळ्याखालून जाताना मला दिसलं की नसीमभाईंच्या जागेभोवती दोरी बांधून कापड सोडलंय. तसंच, पिल्लांवर होतं तसलं. आत ते रात्रपाळी करून झोपले होते, पाय बाहेर होते.

मी हे लिहायला बसले ते खरं तर एवढ्यासाठी. ते कापड दिसल्यावर माझ्या मनात पहिली गोष्ट काय आली? हे कुठल्या ताक्यातलं कापलं. विणलेलं कापड ताक्यात गुंडाळून व्यापाऱ्याकडे जातं, त्यातलं कमी भरलं तर आमच्या अंगावर येतं. तेच आलं मनात. आधी ते, आणि मग बाकीचं. संध्याकाळी मी विचारलंसुद्धा.

"डैमेज का टुकड़ा है भाभी," ते म्हणाले. "आप ही ने कोने में फेंका था." आणि हसून, "साहब लोगों को परदा मिला, तो मैंने सोचा मेरी भी आँख सुधर जाए."

"अच्छा किया," मी म्हणाले. माझा चेहरा कसा झाला होता कोण जाणे, कारण ते लगेच म्हणाले, "मजाक कर रहा हूँ भाभी." मालकिणीला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी ते परत घेतलं.

आठवड्याभरात ते कापड उतरलं. का, विचारलं तर म्हणाले, पंख्याची हवा अडते. ते खरंही होतं. तिकडे उकाडा काय असतो ते मी घटकाभर उभी राहूनच जाणते.

सायली म्हणाली, त्यांचे डोळे एकदा दाखवून आण. नेलं. डॉक्टरांनी दाब मोजला. ठीक आहे म्हणाले, चष्मा वयाचा आहे. माणसाचा डोळा पिल्लासारखा नसतो, तो लहान असताना वाढतो आणि मग वाढायचा थांबतो. मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि रिक्षात बसल्यावर विचारलं, "नींद कैसी आती है?"

"नींद?" त्यांना प्रश्नच विनोदी वाटला. "आती है, जाती है."

पिल्लं सुधारली. सगळी नाही, दोन कोंबड्या पुढे कायम भिंतीला घासून चालत. पण बाकीच्यांचे आकडे संध्याकाळी उतरायला लागले. चोच दाण्यावर पडायला लागली. ज्येष्ठात एके सकाळी कापड काढून मी हात आत घातला आणि सगळी जाळीच्या पलीकडच्या कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर चढली. माझ्यापासून. सायलीने तिथेच मला मिठी मारली, आम्ही दोघी घामाने चिकट. "अंधाराने केलं मावशी, फक्त अंधाराने!" ती ओरडली. तिच्या कामात ही पिल्लं धरली गेली नाहीत ती नाहीतच. राहिलेली तिने पुन्हा पाड्यांवर धावून मोजली. मीच स्कूटर चालवली. पारूबाईने विचारलं, "तुजी शालेतली पिल्ला कुठं हाईत?" मी सांगितलं काय झालं ते. ती हसली नाही, आणि तेही मला सोसलं नाही.

पिल्लं पळाली त्या सकाळी माझा आनंद खरा होता. फक्त सायलीने मिठी मारली तेव्हा तिच्या खांद्यावरून समोर शिडी दिसत होती, आणि शिडीच्या वर पांघरुणात डोकं खुपसून झोपलेली माणसं. भर सकाळी, ट्यूबखाली, डोळ्यांवर गमछा टाकून.

मी यांच्याकडे खोलीचा विषय काढला. घराच्या गच्चीवर एक खोली पडून होती, लूमच्या मोडक्या बीमा, म्हणजे सुताचे रूळ, आणि जुन्या मोटारी टाकायची.

"कामगार काय पिल्लं आहेत?" हे म्हणाले. "इतकी वर्षं झोपतात. कुणी तक्रार केली?"

कुणीच केली नव्हती. मग मीही लावून धरलं नाही. पिल्लांवर कापड त्याच संध्याकाळी पडलं. खोली रिकामी व्हायला मध्ये दोन दिवाळ्या गेल्या. हे मी कुणाला सांगत नाही, पण मला रोज दिसतं, कारण गच्चीचा जिना माझ्या स्वयंपाकघरावरून जातो.

खोली झाली तेव्हा मात्र मी मनापासून केली. रंग दिला, दोन पंखे बसवले, खिडकीला जाड पडदे शिवले. तरुण पोरं वर गेली ती खूश. बिहारचा एक पोरगा पहिल्या दिवशी इतका झोपला की पाळी चुकली. नसीमभाईंचा बिछाना मी स्वतः खिडकीपासून लांब, पंख्याखाली घालायला लावला. ते वर गेले, चौथ्या की पाचव्या दिवशी वळकटी काखेत मारून जिन्यावरून उतरताना दिसले.

"क्या हुआ? ऊपर तकलीफ है?"

"नहीं भाभी, बहुत अच्छा कमरा है."

"फिर?"

ते जिन्याच्या पायरीवर थांबले, वळकटी या काखेतून त्या काखेत घेतली. त्यांना असं अडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "बहुत अँधेरा है भाभी. आवाज भी नहीं है. लेटता हूँ तो दिल घबराता है. लगता है कहीं और आ गया." मग नेहमीसारखे दात दाखवून, "आपने इतना किया, बुरा मत मानना."

मी त्यांना सांगितलं, हळूहळू सवय होईल. पिल्लांनाही पहिल्यांदा भीती वाटली होती. ते म्हणाले, "वो बच्चे थे."

ते पुन्हा माळ्यावर गेले. अजून तिथेच असतात. मी त्यांच्या जागेवरच्या ट्यूबला वेगळं बटण बसवून घेतलं, शिडीपाशी, म्हणजे खाली काम चालू असलं तरी वरचा एक दिवा मालवता येईल. इलेक्ट्रिशियनला वाटलं, मी वीज वाचवतेय. पण ते बटण कुणी वापरत नाही.

परवा तांबडीला अंड्यांवर बसवून, जनाबाईला वाटेला लावून मी शेडमध्ये गेले. दुपार होती. नसीमभाईंची रात्रपाळी चालू आहे, ते वर झोपले होते. आता केस सगळे पांढरे झालेत. डोळ्यांवर गमछा, तोंड उघडं, छातीवर एक हात. सुताची धूळ भुवयांवर बसलेली. खाली सगळे लूम चालू होते. मी शिडीपाशी उभी राहिले आणि ते बटण बंद केलं.

माळ्याचा तो कोपरा जरासा अंधारला. अगदी थोडासा, खालच्या उजेडात कळेल न कळेल एवढा.

नसीमभाई ताडकन उठून बसले. गमछा खाली पडला. त्यांनी छताकडे बघितलं, मग मला बघितलं, आणि लूमच्या आवाजावरून ओरडून विचारलं, "क्या हुआ भाभी? लाइट गई?"

"नहीं, नहीं," मी म्हणाले. "गलती से हाथ लगा. सो जाओ."

मी बटण पुन्हा दाबलं. ट्यूब फडफडली आणि लागली. ते आडवे झाले, आणि मी शिडीपासून हलायच्या आत त्यांना झोपही लागली.